हजेरीपटावरून गळालेली नावं

नव्वदच्या दशकात ऑफिसचं नेटवर्क सांभाळणाऱ्याला एक तक्रार पाठ असायची: ‘नेटवर्क नेबरहूडमध्ये अकाउंट्सचा पीसी दिसत नाहीये.’ पीसी चालू, केबल जागेवर, आयपी पत्त्यावर पिंगही जातंय; गायब आहे ते फक्त नाव.

ही नावं सांभाळायचं नेटबायोस; ते १९८३चं, आयबीएमच्या पीसी नेटवर्कसाठी सायटेकने केलेलं. पीसी सुरू झाला की साऱ्या जाळ्यात पुकारा करायचा, हे नाव कोणी घेतलंय का? हरकत आली नाही की नाव त्याचं. नेबरहूडची यादी ठेवायला पीसी आपसांत चक्क निवडणूक घेत. बाकीच्यांनी निवडून आलेल्याकडे दर १२ मिनिटांनी हजेरी लावायची. तीनदा चुकली की नाव खोडलं. त्यामुळे बंद पडलेला पीसी अर्धा तास दिमाखात यादीत, आणि चालू असलेला कधी कधी बेपत्ता. निम्म्या तक्रारी चहा पिऊन येईपर्यंत आपोआप मिटत, आणि श्रेय आम्ही खुशाल घेत असू.

पुकारा राउटरपलीकडे पोचेना, म्हणून १९९४मध्ये विंडोज एनटी ३.५बरोबर विन्स ही नावनोंदणीची सेवा आली. आता नोंदणी सर्व्हरवर, मुदतीची, नूतनीकरणासकट. पण कोणी हाताने कायमची नोंद घालून ठेवली असेल, तर नव्या पत्त्याच्या पीसीला स्वतःच्याच नावाची नोंदणी नाकारली जाई. ती नोंद पुसावी, तर जोडीच्या विन्स सर्व्हरकडून परत येई. दोन्हीकडून काढून पीसीवर ‘एनबीटीस्टॅट -आरआर’ चालवलं की नाव जागेवर.

विंडोज २०००ने हा कारभार डीएनएसकडे दिला. हुकूम बदलला, ‘आयपीकॉन्फिग /रजिस्टरडीएनएस’, दुखणं तेच. सुरक्षित अपडेट चालू असेल तर नोंदीवर मालकी त्या पीसीच्या खात्याची. पीसी नव्याने उभारला, नाव तेच ठेवलं, पण खातं नवं. जुनी नोंद त्याला बदलता येत नाही. आधी ती काढा, मग हुकूम चालवा. लॉगिन तपासणाऱ्या डोमेन कंट्रोलरच्याच नोंदी उडाल्या तर लॉगिनच अडतात. तिथे नेटलॉगॉन सेवा बंद करून पुन्हा सुरू करायची. एवढ्या साध्या उपायावर कोणाचा चटकन विश्वास बसत नसे.

विंडोज १०च्या २०१७मधल्या आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलमध्ये नेबरहूडची जुनी यादी उरली नाही. घरच्या वायफायवर प्रिंटर एमडीएनएसने पुन्हा पुकाराच करतात, आणि नाव आधीच घेतलेलं निघालं तर बहुतेक उपकरणं निमूटपणे शेपटीला ‘-२’ लावून घेतात.