पालवणकर बंधूंचा संघत्याग (डिसेंबर १९२०)

चौरंगी सामन्यांचा इतिहास लिहितांना आजवर बहुतेकांनीं धांवपत्रकांवरच भिस्त ठेविली आहे. धांवपत्रक हें साधन उत्तम खरें. कोणीं किती धांवा केल्या, कोणीं किती गडी बाद केले, हें त्यावरून निःसंशय कळतें. परंतु जो खेळाडू सामन्यांत खेळलाच नाहीं, त्याविषयीं धांवपत्रक मुकें असतें. १९२० च्या डिसेंबर महिन्यांत मुंबईस जे चौरंगी सामने झाले, त्यांतील हिंदु संघाच्या पहिल्या सामन्यांत शिवराम व विठ्ठल हे पालवणकर बंधू खेळले नाहींत. ही गैरहजेरी दुखापतीमुळें नव्हती व निवडमंडळानें त्यांस वगळलें होतें असेंही नाहीं. ती त्यांनीं आपण होऊन पत्करली होती आणि तिचें कारण लेखी निवेदनानें जाहीर केलें होतें. तें निवेदन कोणत्या परिस्थितींतून निघालें व त्याचा परिणाम काय झाला, हें सांगण्याचा येथें हेतु आहे.

जव्हार-मोखाड्याकडील जुनीं दप्तरें धुंडाळणाऱ्या वाचकांस क्रिकेटचा हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. परंतु वाद खेळाचा नव्हता, नायकत्वाचा होता. जव्हारच्या गादीवर मुकणे या महादेव कोळी घराण्याचे राजे १९४८ सालीं संस्थान विलीन होईपर्यंत होते, व ही जमात आज अनुसूचित जमातींत गणली जाते. गादी वंशपरंपरेची आणि संघाचें नायकत्व निवडीचें, तेव्हां दोहोंची बरोबरी करण्याचें कारण नाहीं. तरी नायक कोणत्या कुळांतला असावा, हा प्रश्न आपल्याच मुलुखांत सर्वत्र एकाच रीतीनें सुटलेला नव्हता, एवढें ध्यानांत ठेवून मुंबईच्या मैदानाकडे वळावें.

या बंधूंपैकीं वडील बाळू. घराणें त्या काळीं अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजांतलें. बाळू यांचा जन्म धारवाडास झाला व बाळपण पुण्यास गेलें. क्रिकेटशीं त्यांचा पहिला संबंध आला तो खेळाडू म्हणून नव्हे, चाकर म्हणून. पुण्यांतील पारशी लोकांच्या एका मैदानावर झाडलोट करण्याचें व खेळपट्टीवर रूळ फिरविण्याचें काम त्यांच्याकडे होतें, आणि वेतन होतें दरमहा तीन रुपये. पुढें युरोपियनांच्या पूना क्लबांत एक रुपया अधिक मिळाला. तेथें जाळ्यांत फलंदाजीचा सराव करणाऱ्या साहेबांना चेंडू टाकण्याचें काम त्यांच्या गळ्यांत पडलें, व ग्रेग या नामांकित फलंदाजास तासन् तास चेंडू टाकतां टाकतां त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली. त्यांच्या हातीं बॅट मात्र तेथें कोणी दिली नाहीं. फलंदाजी साहेबांनीं करावी व गोलंदाजी नेटिव्हानें करावी, असा तो रिवाज होता. ही गोष्ट अशाकरितां नमूद केली कीं, पुढील सर्व प्रकरणांत पालवणकर हे पोटाकरितां खेळाशीं बांधलेले होते, हौसेकरितां खेळणारे सुखवस्तु गृहस्थ नव्हते, हें विसरतां येत नाहीं. ज्याची भाकरी मैदानावर अवलंबून आहे त्यानें मैदान सोडणें, ही गोष्ट हौशी खेळाडूच्या रुसव्याहून वेगळी असते.

पुण्याच्या हिंदु क्लबास युरोपियनांना हरवावयाचें होतें. पण बाळूंना संघांत घ्यावें कीं नाहीं यावर बराच खल झाला. शेवटीं घेतलें. मग अशी व्यवस्था लागली कीं मैदानावर सर्वांनीं तोच चेंडू हाताळावा, कारण चेंडूस विटाळ मानला तर खेळच संपतो. परंतु चहाच्या वेळीं बाळू यांनीं मंडपाबाहेर बसावें व मातीच्या भांड्यांत चहा घ्यावा, इतरांनीं आंत चिनी मातीच्या पेल्यांतून घ्यावा. हात-तोंड धुण्याचें पाणीही त्यांस त्यांच्याच समाजाच्या नोकराकडून मिळे, आणि जेवणाचें पान वेगळें मांडलें जाई. कसोटीच्या क्षणीं विटाळ सोईस्करपणें विसरावयाचा व चहाच्या वेळीं तो आठवावयाचा, ही त्या व्यवस्थेंतील गोम आहे. आणि ती कोणत्याही धांवपत्रकांत नोंदलेली नाहीं. पुढें बाळू यांच्या गोलंदाजीनें सातारच्या गोऱ्यांचा पराभव झाल्यावर न्यायमूर्ति रानडे यांनीं त्यांचें जाहीर कौतुक केलें, आणि लोकमान्य टिळकांनीं सभेंत त्यांस हार घातला. या दोन घटनांचा उल्लेख चरित्रकार फार उत्साहानें करतात. त्यांचें महत्त्व आहेच. पण हारानें पंक्ति बदलली नाहीं, हेंही तितकेंच खरें.

प्लेगच्या दिवसांत हें कुटुंब मुंबईस आलें. तेथें परमानंददास जीवनदास हिंदु जिमखान्यानें बाळूंना आपल्या संघांत घेतलें, आणि रेल्वेच्या नोकरीमुळें पोटाची सोय लागली. १९०६ च्या फेब्रुवारींत हिंदु संघानें युरोपियनांचा शंभराहून अधिक धांवांनीं पराभव केला. त्यांत बाळू व शिवराम दोघेही होते. १९११ सालीं पहिला सर्व-हिंदी संघ विलायतेस गेला, त्यांतही हे दोघे बंधू होते. संघानें तेवीस सामन्यांपैकीं सहाच जिंकले. परंतु बाळू यांनीं त्या एका उन्हाळ्यांत शंभरावर, आणि त्यांपैकीं पंचाहत्तर प्रथम श्रेणीच्या सामन्यांत, गडी बाद केले. त्या संघाचे नायक पतियाळाचे महाराज होते व ते फार थोडे सामने खेळले. नायकत्व आणि खेळ यांची फारकत त्या काळीं इतकी सहज मानली जाई.

परत आल्यावर बाळू यांस हिंदु संघाचें नायकत्व मिळणें ही साधी गोष्ट ठरावयास हवी होती. ज्येष्ठता, अनुभव, कर्तृत्व यांपैकीं कशांतही त्यांस प्रतिस्पर्धी नव्हता. तें त्यांस कधींही मिळालें नाहीं. १९१३ सालीं मु. दा. पै यांस नायक नेमलें, तेव्हां पै यांनीं स्वतःच्या सत्काराच्या सभेंत उघड सांगितलें कीं हा मान वडील व अनुभवी खेळाडू म्हणून बाळू यांस द्यावयास हवा होता. पै यांची ही साक्ष, माझ्या मतें, या प्रकरणांतील सर्वांत वजनदार पुरावा होय. कारण ती ज्याचा अन्यायानें तोटा झाला त्याची नसून ज्याचा फायदा झाला त्याची आहे.

आतां १९२० कडे येऊं. बाळू यांचें वय झालें होतें, परंतु शिवराम व विठ्ठल ऐन भरांत होते, आणि विठ्ठल हे त्या काळच्या हिंदु फलंदाजांत अग्रगण्य होते. पहिल्या सामन्याच्या वेळीं पै आजारी पडले. निवडमंडळानें बाळूंना संघांतून वगळलें, आणि नायकत्व विठ्ठल यांस न देतां पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांस दिलें. देवधरांची योग्यता पुढें साऱ्या देशानें पाहिली व या नेमणुकींत त्यांचा कांहीं दोष होता असें मानण्यास जागा नाहीं. परंतु चौरंगी सामन्यांच्या अनुभवांत ते विठ्ठल यांच्या मागचे होते. शिवराम व विठ्ठल यांनीं संघ सोडला व निवेदन प्रसिद्ध केलें. त्याचा आशय असा कीं, नायक निवडतांना खेळांतील योग्यता पाहावी, सामाजिक प्रतिष्ठा पाहूं नये. आणि योग्यता डावलून जातीस मान दिला जाणार असेल तर तो अपमान मुकाट्यानें सोसून खेळणें आम्हांस शक्य नाहीं. पै यांच्या हाताखालीं हेच बंधू वर्षानुवर्षें खेळले होते. म्हणून वरिष्ठ जातीच्या नायकास त्यांचा विरोध होता, हा अर्थ त्या कृतींतून निघत नाहीं.

या निवेदनाचें साल लक्षांत घेतलें पाहिजे. त्याच वर्षाच्या जानेवारींत डॉ. आंबेडकरांचें ‘मूकनायक’ निघालें होतें, मार्चांत माणगांवची परिषद भरली होती, आणि डिसेंबरांतच नागपूरच्या काँग्रेसनें अस्पृश्यतेचा कलंक दूर करण्याचा ठराव केला. या हवेंत निवडमंडळास गप्प बसणें कठीण झालें. वृत्तपत्रांतून व लोकांतून बंधूंची बाजू घेतली गेली. अखेरच्या सामन्यास पै नायक म्हणून परतले, शिवराम व विठ्ठल परत आले, आणि बाळू यांस संघांत घेऊन उपनायक नेमण्यांत आलें. सामना चालू असतां पै कांहीं काळ मैदानाबाहेर गेले, तेवढ्या वेळापुरतें संघाचें नेतृत्व बाळू यांच्याकडे आलें. दहा वर्षांच्या प्रतीक्षेचें हें फळ अगदीं थोडें. पण तें निवेदनाशिवाय मिळालें असतें असें मला वाटत नाहीं. तीनच वर्षांनीं, १९२३ सालीं, विठ्ठल यांस नायक नेमलें गेलें व हिंदु संघानें ती स्पर्धा जिंकली.

परदेशांत गोऱ्या-काळ्या वर्णाच्या भेदाविरुद्ध खेळाडूंनीं जो निषेध केला त्याच्याशीं याची तुलना करण्याची आतां रीत आहे. १९६८ सालीं मेक्सिको शहरीं स्मिथ व कार्लोस या अमेरिकन धांवपटूंनीं पदक घेतांना हातमोजा घातलेली मूठ उंचावली, तें चित्र सर्वांच्या डोळ्यांसमोर येतें. पण जवळचें उदाहरण दुसरेंच आहे. वेस्ट इंडीजच्या संघाचें नायकत्व संपूर्ण मालिकेसाठीं एका काळ्या खेळाडूस, फ्रँक वॉरेल यांस, मिळण्यास १९६० साल उजाडावें लागलें, आणि त्यापूर्वीं त्याकरितां वृत्तपत्रांतून मोठी चळवळ करावी लागली. तेथेंही हरकत कधीं खेळण्यास नव्हती; चेंडू टाकावा, धांवा काढाव्या, परंतु आज्ञा देऊं नये, एवढीच अट होती. जात व वर्ण या दोन भिन्न संस्था आहेत, हें मान्य करूनही या एका जागीं त्यांचें वर्तन सारखें दिसतें.

बाळू यांचें पुढील चरित्र या चौकटींत नीट बसत नाहीं, म्हणून तें टाळलें जातें. तें सांगणें अवश्य आहे. १९३२ च्या पुणें करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकींत काँग्रेसनें त्यांस मुंबईंत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभें केलें. आंबेडकरांस १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मतें पडलीं. ज्या समाजाच्या अपमानाविरुद्ध धाकट्या भावांनीं संघ सोडला, त्याच समाजाच्या श्रेष्ठ पुढाऱ्याविरुद्ध थोरल्या भावानें निवडणूक लढविली, यांत विसंगति पाहणारे पुष्कळ आहेत. मला तेथें विसंगतीपेक्षां मार्गभेद अधिक दिसतो. हिंदु संघांत राहूनच हक्क मागावा, हीच १९२० मधील बंधूंची भूमिका होती; ते कायमचे बाहेर पडले नाहींत. बाळू १९५५ सालीं वारले.

साधनांविषयीं थोडें. विठ्ठल यांनीं ‘माझें क्रीडा-जीवन’ हें आत्मचरित्र १९४८ सालीं प्रसिद्ध केलें. तें अमोल आहे, परंतु घटनेनंतर अठ्ठावीस वर्षांनीं लिहिलेलें आहे. त्यांतील हकीकत १९२० च्या डिसेंबरांतील वृत्तपत्रांशीं ताडून पाहिल्यावांचून तारखा व क्रम त्यावरून लावूं नयेत. जिमखान्याचीं पत्रें, सामन्यांच्या जाहिराती, सत्कारसभांचीं छापील मानपत्रें यांचा संग्रह कोणी करीत नाहीं, कारण तीं ऐतिहासिक कागद वाटत नाहींत. जव्हार, मोखाडा, ठाणें या बाजूच्या जुन्या घरांत त्या महिन्याचे मराठी वृत्तपत्रांचे अंक माळ्यावर पडून असतील तर ते रद्दींत घालण्यापूर्वीं क्रिकेटचें पान उघडून पाहावें.