प्रबंधाचे काम आणि कामाचा हिशेब

प्रबंध लिहायला घेणारा आपला विद्यार्थी पुष्कळदा घरातला पहिला पदवीधर असतो. प्रबंध कसा लिहितात, हे त्याला घरात कोणी सांगू शकत नाही. शिष्यवृत्तीची मुदत मात्र त्याच्यासाठी थांबत नाही. अशा वेळी 'यंदा प्रबंध पुरा करीन' हा संकल्प पुरेसा नसतो. तो इच्छा सांगतो. उद्या सकाळी काय करायचे, ते सांगत नाही.

बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन या दृष्टीने वाचले पाहिजे. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात शिकवून, पैसे जमवून ते १९२० साली पुन्हा गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली, रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध १९२२ च्या ऑक्टोबरात सादर झाला. परीक्षकांनी फेरलेखन सांगितले, तेही करून १९२३ साली त्यांनी पदवी मिळवली. या इतिहासातून आपण केवळ जिद्द घेतो; कामाची आखणी घेत नाही.

आखणी म्हणजे काय? उद्दिष्ट आपल्या हातातले असावे. 'परीक्षकांना पसंत पडेल असे प्रकरण' आपल्या हातात नाही. 'दुसऱ्या प्रकरणातील वेठबिगारीच्या भागाची तीन पाने शनिवारपर्यंत' हे आहे. वाचन आणि लेखन यांची मोजणी वेगळी ठेवावी. नाहीतर टिपणांच्या वह्या भरत जातात आणि प्रबंधाचे पान कोरेच राहते.

त्यासाठी एक साधी वही पुरते. दर आठवड्याला तारीख घालून तीन रकाने भरावेत : काय ठरवले, काय झाले, कशाने अडले. सलग तीन आठवडे ठरवलेले झाले नाही, तर स्वतःला दोष देत बसू नये. उद्दिष्ट लहान करावे.

तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ग्रंथ मिळाला नाही, मार्गदर्शकांनी प्रकरण दोन महिने पाहिले नाही, शिष्यवृत्तीचा हप्ता आला नाही, की आपणच टाळाटाळ केली, हे तिथे प्रामाणिकपणे लिहावे. विद्यापीठातील भेदभाव वहीने मिटणार नाही. परंतु विलंबाचे खापर जेव्हा विद्यार्थ्याच्या 'कुवती'वर फोडले जाते, तेव्हा तारखांनिशी उत्तर देता येते. आणि जिथे दोष आपला असेल, तिथे तो आपल्यालाही नाकारता येत नाही.