शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार : केव्हा आणि कोणास?

स्वादुपिंडाच्या कर्करोगाची गाठ शस्त्रवैद्याने काढून टाकली, की ‘आता किरणोपचार कधी?’ असे घरची मंडळी विचारू लागतात. डॉक्टरांनी ‘त्यांची आवश्यकता नाही’ असे सांगितले, तर मनात शंकेची पाल चुकचुकते : उपचारांत काही उणे तर राहिले नाही ना? वाचकहो, ह्या शंकेचे उत्तर आपण शांतपणे समजून घेऊ.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे वसलेले असते. त्याच्या शिरोभागी रोग असल्यास जी शस्त्रक्रिया करतात, ती अमेरिकन शस्त्रवैद्य अ‍ॅलन व्हिपल ह्यांच्या नावाने ओळखली जाते; त्यांनी तिचे वर्णन १९३५ मध्ये प्रसिद्ध केले. तीत स्वादुपिंडाचा शिरोभाग, लहान आतड्याचा आरंभीचा भाग, पित्ताशय व पित्तनलिकेचा खालचा भाग काढून उरलेले अवयव पुन्हा जोडतात. मोठ्या रक्तवाहिन्या अगदी लगत असल्याने डोळ्यांस दिसणारी गाठ निघाली, तरी काही सूक्ष्म पेशी मागे राहण्याचा संभव असतो. त्यांचा नाश व्हावा, हा किरणोपचारांचा हेतू होय. सामान्यतः सुमारे ५० ग्रे मात्रा २८ भागांत विभागून, आठवड्यातून ५ दिवस, साडेपाच आठवडे देतात.

मग मतभेद कोठे आहे? १९८५ मध्ये अमेरिकेत ४३ रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. किरण व औषध मिळालेल्यांचे मध्यम आयुर्मान २० महिने, तर न मिळालेल्यांचे ११ महिने आढळले. परंतु २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २८९ रुग्णांवरील युरोपीय चाचणीत रसायनोपचारांचा लाभ दिसला. किरणोपचारांचा दिसला नाही. ह्याचे कारण रोगाच्या स्वभावात आहे. किरण जेथे पडतात तेथेच काम करतात. हा रोग मात्र पुष्कळदा यकृतासारख्या दूरच्या अवयवांत आधीच शिरलेला असतो. सर्व शरीरात पोहोचणारे औषध म्हणूनच अग्रस्थानी आले. २०१८ मध्ये फ्रान्स व कॅनडा येथील चाचणीत अनेक औषधांच्या संयुक्त उपचाराने मध्यम आयुर्मान ५४ महिन्यांपर्यंत गेले. एकाच औषधाने ते ३५ महिने होते. हे उपचार कठीण असून प्रकृती बऱ्यापैकी असलेल्यांनाच झेपतात.

तेव्हा किरणोपचार निरुपयोगी ठरले काय? तसे नाही. काढलेल्या भागाच्या कडेवर रोगपेशी आढळल्यास त्यांचा विचार होतो. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या एका मोठ्या चाचणीत सर्व रुग्णांचे मिळून आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. पण ज्यांच्या लसिकाग्रंथींपर्यंत रोग गेला नव्हता, त्यांस रसायनोपचारांनंतरच्या किरणांचा लाभ झाल्याचे आढळले.

म्हणून तपासणीचा अहवाल हाती आला, की डॉक्टरांना दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : कडा रोगमुक्त आहे काय, आणि लसिकाग्रंथींत रोग आहे काय? किरणोपचार ठरलेच, तर थकवा, मळमळ व जुलाब संभवतात. वजन घटू न देणे, थोडेथोडे पण वारंवार खाणे आणि सांगितल्यास पाचक औषध जेवणाबरोबरच घेणे, ही घरच्यांनी उचलण्याची जबाबदारी आहे. रक्तातील साखरेवरही लक्ष असावे.

एका रुग्णास किरण दिले व दुसऱ्यास दिले नाहीत, एवढ्यावरून दुसऱ्याची हेळसांड झाली असे समजू नये. प्रत्येकाचा रोग पारखून दिलेला उपचार, हाच त्याचा योग्य उपचार होय.