‘काऊन?’चा तास : आठवी-नववीच्या मुलांसोबत तत्त्वज्ञान



‘तत्त्वज्ञान’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जाडजूड पोथी येते. डी.एड.ला असताना आम्हीही आदर्शवाद, निसर्गवाद, कार्यवाद असे सगळे वाद पाच-पाच मुद्द्यांत पाठ केले आणि पेपर झाल्यावर विसरून गेलो. आपल्या राज्यात तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र हे विषय भेटतात ते थेट अकरावी-बारावीला, तेही कला शाखेत, आणि कॉलेजात तो विषय असला तर. फ्रान्समध्ये मात्र शाळेच्या शेवटच्या वर्षी तत्त्वज्ञान शिकावं लागतं आणि त्याचा चार तासांचा पेपर असतो.

माझं म्हणणं असं की आपण अकरावीची वाट पाहू नये. आठवी-नववीचं वय यासाठी अगदी योग्य आहे, आणि सुरुवातीला पुस्तकही लागत नाही. आपल्या यवतमाळकडच्या बोलीत एक शब्द आहे, तेवढा पुरतो : ‘काऊन?’ चार वर्षांचं लेकरू दिवसातून शंभर वेळा ‘काऊन?’ विचारते. तेच लेकरू आठवीत येईपर्यंत गप्प होते आणि फक्त ‘मॅडम, हे परीक्षेत येईल का?’ एवढंच विचारते. मधल्या काळात काय झालं, हे आपण शिक्षकांनी आणि पालकांनी मिळून शोधण्यासारखं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. तत्त्वज्ञान म्हणजे मूल्यशिक्षण नाही. परिपाठात आपण फळ्यावर सुविचार लिहितो : ‘नेहमी खरे बोलावे.’ मूल्यशिक्षण इथं थांबते. तत्त्वज्ञान इथून सुरू होते : नेहमी म्हणजे कधीही? आजारी आजीला डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगायचं का? खरं न सांगणं आणि खोटं सांगणं एकच का? सुविचार खोडायचा नसतो, तो तपासायचा असतो. तपासून उरलेला सुविचार पोरांच्या जास्त लक्षात राहतो, असा माझा अनुभव आहे.

हे काही बाहेरून आणलेलं खूळ नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात लोकांना उपदेश ऐकवत बसायचे नाहीत. प्रश्न विचारायचे, उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे, त्या उत्तरावर पुन्हा प्रश्न. अथेन्सच्या बाजारात सॉक्रेटिस जे करायचा तेच, फक्त आपल्या वऱ्हाडीत. महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आहे, एका वस्तूबद्दल सगळेच थोडं थोडं खरं बोलत असतील तर पूर्ण खरं कुणाचं, हा प्रश्न त्यातून सहज निघतो. आणि ‘मिलिंदप्रश्ना’तला नागसेन भिक्खूचा रथ तर वर्गात हमखास चालतो. मी रथाऐवजी बंडी घेते. चाक म्हणजे बंडी का? नाही. जू म्हणजे बंडी का? नाही. आख, दांड्या, साटा? नाही. मग बंडी आहे कुठं? आणि एकेक करून सगळे भाग बदलले तर ती बाबाची जुनीच बंडी राहते का? अर्धा तास पोरं भांडतात. नागसेनला हे माणसाच्या ‘मी’बद्दल विचारायचं होतं, हे शेवटी सांगितलं की वर्ग एकदम शांत होतो.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तत्त्वज्ञान आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना कशासाठी हवं, हे मला एका विषयात सगळ्यात स्पष्ट दिसलं. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. मुलांनी हे घरी ऐकलेलं असते. मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : ‘हे कशामुळं झालं?’

पोरांनी सांगितलेलं सगळं तसंच लिहून घेतलं. औषध जहाल होतं. दोन-तीन औषधं एकत्र केली. तोंडाला मास्क नव्हता, हातात हातमोजे नव्हते. पराटी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळं फवारा अंगावर आला. हवा दमट होती. दुकानदारानं दिलं ते घेतलं. मालकानं मजुराला सांगितलं नाही. सरकारचं लक्ष नव्हतं. आणि शेवटी मागच्या बाकावरून : ‘नशीब.’

मग पहिली कसोटी : ‘हे नसतं तर झालं असतं का?’ एकेक कारण हातानं झाकायचं आणि विचार करायचा. यातून मुलांना कळते की एकटं पुरेसं असं कारण क्वचितच सापडते; बरीच कारणं जुळून आली की घटना घडते. मास्क नसतानाही आधीची कितीतरी वर्षं लोकांनी फवारणी केलीच होती. मग त्याच वर्षी काय वेगळं होतं, हा प्रश्न मुलांनीच विचारला. ‘नशीब’ला हीच कसोटी लावायची वेळ आली तेव्हा एक मुलगी म्हणाली, “मॅडम, नशीब झाकून कसं पाहाचं? ते तं सगळ्याईलेच लागू हाय.” मोठमोठ्या ग्रंथांत जे सापडते ते तिनं एका वाक्यात सांगितलं : जे सगळ्यालाच लागू पडते, त्यानं काहीच उलगडत नाही. पण म्हणून आजीला मूर्ख म्हणायचं नाही, हेही बोललो. आजी ‘नशीब’ म्हणते तेव्हा ती कारण सांगत नसते, मनाची समजूत घालत असते. एकाच शब्दाची दोन कामं असतात, ती वेगळी ओळखायची.

दुसरी पायरी : कारण आणि दोष एकच का? दमट हवा कारण असेल, पण हवेला कुणी दोषी धरत नाही. मग दोष लागायला आणखी काय पाहिजे? मुलांची उत्तरं दोन : त्याला माहीत असलं पाहिजे, आणि त्याला दुसरं काही करता आलं पाहिजे. सुमारे २३०० वर्षांपूर्वी अ‍ॅरिस्टॉटलनं जवळपास हेच म्हटलं होतं : बळजबरीनं किंवा अजाणतेपणी केलेल्या कामाची जबाबदारी आपण वेगळ्या मापानं मोजतो. हे मी मुलांचं बोलून झाल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं असतं आणि विषय संपला असता.

खरी मजा पुढं आली. ‘माहीत असणं’ म्हणजे काय? कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. एक मुलगा म्हणाला, “डब्यावर लाल निशाणी असते ना, मंग माहीतच होतं.” लगेच समोरून, “निशाणी दिसली म्हंजे समजली का? माह्या मोठ्या बाबाले वाचताच येत नाही.” छापलेलं म्हणजे सांगितलेलं का? सांगितलेलं म्हणजे समजलेलं का? आणि मजुराला समजलं असलं तरी ‘नाही’ म्हटल्यावर त्या दिवसाची मजुरी जाणार असेल, तर त्याला दुसरा पर्याय होता असं म्हणायचं का? तास संपला तेव्हा वर्गाचं एकमत झालं नव्हतं. अर्धे मालकाकडे बोट दाखवत होते, काही दुकानदाराकडे, दोघं-तिघं म्हणत होते जबाबदारी वाटली जाते पण सारखी वाटली जात नाही. मी फळ्यावर उत्तर लिहिलं नाही.

हा विषय घेणार असाल तर एक काळजी नक्की घ्या. वर्गात अशा घरचं लेकरू असू शकते. आधी त्याच्या घरच्यांशी बोला, त्याला गप्प बसायची किंवा ग्रंथालयात जायची मोकळीक द्या, आणि गावातल्या कुणाचंही नाव चर्चेत येऊ देऊ नका. हे जमत नसेल तर दुसरा विषय घ्या, काही बिघडत नाही.

तर्कशास्त्रासाठी न्यायदर्शनातलं डोंगरावरच्या धुराचं उदाहरण सोपं आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन ही नावं नंतर सांगा. आधी एवढंच : वावरात धूर दिसतो, म्हणून तिथं पराट्या जाळत असतील. मग हिवाळ्यातल्या सकाळचं धुकं दाखवा. धूर समजून धुकं पाहिलं, तर निष्कर्ष चुकला कुठं? विचार करण्यात की पाहण्यात? मोबाइलवर पुढं ढकललेले मेसेज तपासायला ही एवढी शिदोरीही कामी येते.

पद्धत म्हणाल तर मी शनिवारच्या सकाळच्या शाळेतली ३५ मिनिटं घेते. सगळे गोल बसतात, मीही खाली. बोलणाऱ्यानं आधीच्याचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं आणि मग आपलं मांडायचं. आमच्या वर्गातला अर्धा गोंधळ यानंच थांबला. मत बदललं तर टाळ्या. गुण नाहीत. शिक्षकाला सगळ्यात अवघड जाते ते गप्प बसणं, त्याचा सराव करावा लागतो.

पालक विचारतात, ‘अशानं पोरं उलट बोलणार नाहीत का?’ ही भीती जुनी आहे. पोरांना बिघडवतो हाही एक आरोप ठेवूनच अथेन्सनं इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये सॉक्रेटिसला मृत्युदंड दिला. आमच्या वर्गात नियम आहे की ‘काऊन?’ विचारणाऱ्यानं स्वतःचं एक कारणही सोबत आणायचं. त्यामुळं नुसता हट्ट आणि प्रश्न यांतला फरक पोरांना कळतो. ‘मार्कांना काय फायदा?’ असंही विचारतात. ‘कारणे लिहा’ आणि ‘तुमचे मत लिहा’ हे प्रश्न गाइडविना लिहिणारी मुलं वाढली, एवढं मी सांगू शकते. आणि मुख्याध्यापकांनी विचारलं, तर बालभारतीच्या पुस्तकाचं सुरुवातीचं पान उघडून दाखवा. तिथं छापलेल्या मूलभूत कर्तव्यांमध्ये जिज्ञासू वृत्तीही आहे.

येत्या शनिवारसाठी प्रश्नपेटीतून चिठ्ठी निघाली आहे : ‘गाव सोडून पुण्याले कामाले गेलेला माणूस गावचाच राहते का?’ बंडीचा तास होऊन गेलेला असल्यानं वर्गात आताच दोन गट पडलेत.