वायफायचा पासवर्ड भिंतीवर लावताय? आधी 'पीएम-वाणी' समजून घ्या



हर्सूलच्या दुकानात सुरुवातीला मी काउंटरमागे वायफायचा पासवर्ड चिकटवला होता. गिऱ्हाईक थांबेल, दोन वस्तू जास्त घेईल, असा माझा हिशोब. झालं उलटं. दुकान बंद असतानाही ओट्यावर चार पोरं मोबाइल घेऊन बसलेली आणि ऐन संध्याकाळी माझंच बिलिंग अडकलेलं! पासवर्ड बदलला, की रोजचं गिऱ्हाईक विचारणार, "भाऊ, नवीन काय टाकू?"

पण खरी काळजी वेगळीच होती. कनेक्शन माझ्या नावावर आहे. त्यावरून कोणी फसवणूक केली, तर चौकशी आधी माझ्याकडे येणार. कारण पासवर्ड फक्त दार उघडतो. आत कोण आलं, ते सांगत नाही.

मग उपाय काय?

जुने एसटीडी-पीसीओ आठवतात? तसंच इंटरनेटचं दुकान म्हणजे पीडीओ, पब्लिक डेटा ऑफिस. केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजना मंजूर केली. त्यात किराणावाला, चहावाला, कोणीही पीडीओ होऊ शकतो. त्यासाठी परवाना लागत नाही, सरकारी फीसुद्धा नाही.

ओळख कशी पटते?

१. ग्राहक पीएम-वाणीचं ॲप घेतो आणि ओटीपीने एकदाच नोंदणी करतो.
२. ॲप त्याला जवळचे हॉटस्पॉट दाखवतं.
३. तो तुमचा हॉटस्पॉट निवडतो, तेव्हा ॲप एक टोकन पाठवतं.
४. तुमच्यामागे असलेली कंपनी, म्हणजे पीडीओए, ते टोकन ॲपवाल्या कंपनीकडून तपासून घेते. दोघांच्या डिजिटल किल्ल्या केंद्रीय नोंदवहीत असतात. ही नोंदवही सी-डॉट सांभाळते. त्यामुळे खोटं टोकन चालत नाही.

पासवर्ड कोणी कोणाला सांगायचाच नाही. ग्राहक उद्या टी-पॉइंटच्या दुसऱ्या पीडीओकडे गेला, तरी पुन्हा नोंदणी नको. लाइटबिलापासून बँकेपर्यंत एकच आधार दाखवतो ना, तसंच. फक्त एक लक्षात ठेवा: ओळख सोबत जाते, पण विकत घेतलेला पॅक प्रत्येक ठिकाणी चालेलच असं नाही. हे पीडीओएला आधीच विचारा.

जागा मोठी असेल तर?

मंगल कार्यालय, लॉन, दोन मजली दुकान अशा ठिकाणी दोन-तीन राउटर लागतात. माणूस चालत एका राउटरकडून दुसऱ्याकडे गेला, की मोबाइलची तपासणी पुन्हा होते आणि व्हिडिओ कॉल अडकतो. यासाठी २००८ पासून '८०२.११आर' नावाचं मानक आहे. पहिल्या तपासणीतूनच पुढच्या राउटरची किल्ली तयार होते, म्हणून जोडणी पटकन बदलते. राउटर घेताना "फास्ट रोमिंग आहे का?" एवढं विचारा.

आता पैशाचं बोलू

जून २०२५ मध्ये ट्रायने ठरवलं, की २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर प्लॅनसाठी पीडीओकडून घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. समजा, घरगुती प्लॅन ६०० रुपयांचा आहे. म्हणजे तुम्हाला जास्तीत जास्त १,२०० पडतील. दहाच्या पॅकमागे तुमच्या हाती ७ रुपये आले, तर रोज सहा पॅक विकल्यावर कनेक्शनचा खर्च निघतो. राउटर आणि लाइटबिल वेगळं. त्यामुळे यावर घर चालेल, असं समजू नका. हा जोडधंदा आहे. बसस्टॉप, दवाखाना, अभ्यासिका जवळ असेल तरच विचार करा.

तीन गोष्टी आजच करा

• भिंतीवरचा पासवर्ड काढा आणि बदला.
• बिलिंग आणि ग्राहकांचं वायफाय वेगळं ठेवा.
• पीडीओएशी बोलताना वाटा, राउटरची किंमत आणि रोमिंग, तिन्ही लेखी घ्या.

गिऱ्हाइकाला सोय द्या, पण गल्ल्याची चावी देऊ नका. भेटू पुढच्या व्हिडिओत!