शहाणे बाळ

"बाळ मोठे शहाणे हो! कुकरच्या शिट्टीनेसुद्धा उठत नाही!" माझ्या भाच्याचे हे कौतुक आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे आणि मीही मान डोलावीत असे. बाळंतपणासाठी आलेली बहीण, मेहुण्यांची बदली झाल्यामुळे, वर्षभर आमच्याकडेच होती.

आमचे सारे लक्ष भलतीकडे! शेजारचे बाळ चौथ्या महिन्यात पालथे पडले, आमचे पाचव्यात. त्याला दात आले, आमचे नुसत्या हिरड्या दाखवी. घरात जणू शर्यत लागली होती. वास्तविक या शर्यतीत फारसा अर्थ नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतली काही सव्वाआठ महिन्यांची असतानाच आधाराविना चालली, तर काही साडेसतराव्या महिन्यात. आणि थोडी तर रांगलीच नाहीत!

मग काळजी करूच नये काय? करावी, पण योग्य ठिकाणी. मी वर्गात ध्वनिविचार शिकवतो. ओठ मिटून काढायचे 'ब', 'म' मुलाच्या तोंडी लवकर येतात, हे ऐटीत सांगतो. सहाव्या-सातव्या महिन्यापासून मूल 'बाबाबा', 'दादादा' अशी माळ ओढू लागते. आमचे बाळ नऊ महिन्यांचे झाले तरी 'अऽ अऽ'च्या पुढे जाईना. बहिरे मूलही आरंभी हुंकार देते, म्हणून शंका येत नाही. मला मात्र यायला हवी होती! ती आली बहिणीला. ती पाठीमागून खुळखुळा वाजवी, बाळ वळत नसे. समोर आली की खुदकन हसे.

डॉक्टरांनी 'बेरा' तपासणी करवली. बाळाला झोपवून डोक्याला तारा चिकटवतात, कानात टकटक आवाज सोडतात आणि श्रवणाच्या नसेचा प्रतिसाद यंत्रावर टिपतात. दोन्ही कानांत दोष निघाला. डॉक्टर म्हणाले, "पहिल्या महिन्यात प्राथमिक चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्याच्या आत उपचार, असे व्हायला हवे. आणि घरी वाटी वाजवून पाहणे ही काही तपासणी नव्हे!"

श्रवणयंत्रे बसली. चौदाव्या महिन्यात, एका सकाळी मी कॉलेजला निघालो असता, आतून 'बाबाबा' ऐकू आले. त्या दिवशी मी पहिला तास बुडवला.

आई आता कुणाच्याही बारशाला गेली की नाव विचारण्याआधी म्हणते, "कान तपासलेत ना हो?" बायका चमकून तिच्याकडे पाहतात.