रंग न लावता दिसणारी पेशी

कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवून आपण त्यावर आयोडीनचा थेंब टाकतो. केंद्रक उठून दिसते, विद्यार्थी खूश होतात. पण ती पेशी आता जिवंत राहत नाही. जिवंत पेशीत एखादे रसायन कोठून कोठे जाते हे पाहायचे, तर रंग चालत नाही. सेरोटोनिनबाबत ही अडचण मोठी होती. मनाच्या अवस्थेशी निगडित असलेला हा चेतासंदेशवाहक रेणू इतका लहान, की त्याला रंगाचा रेणू जोडला तर त्याचे वागणेच बदलेल.

अतिनील किरण शोषून सेरोटोनिन स्वतःच चमकते. पण त्या किरणांनी पेशीला इजा होते आणि साध्या काचेच्या भिंगातून ते नीट पारही होत नाहीत. यावर तोड अशी : अतिनील कणाच्या एक तृतीयांश ऊर्जेचे तीन लाल प्रकाशकण एकाच क्षणी रेणूवर पोचले, तरी तेच काम होते.

हे जमावे कसे? शनिवार पेठेतल्या अरुंद बोळात भर दुपारी तिघे एकाच क्षणी एका दारात येणे विरळाच. शाळा सुटली की मात्र दारात झुंबड उडते. लेसरचा प्रकाश असाच, सेकंदाच्या सुमारे दहा लाख कोटीव्या भागाइतक्या छोट्या स्पंदांत सोडतात आणि भिंगाने एका बिंदूवर एकवटतात. झुंबड त्या बिंदूपुरतीच. बिंदू पेशीभर फिरवला की चित्र तयार होते.

१९९७ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात सुदीप्त मैती व सहकाऱ्यांनी अशा रीतीने जिवंत पेशींतील सेरोटोनिन मोजले. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांच्या गटाने उंदराच्या मेंदूचे जिवंत काप तपासले. २००८ साली त्यांनी दाखवले, की सेरोटोनिन केवळ चेतातंतूंच्या टोकांतून नव्हे, तर पेशीच्या मुख्य भागातूनही लक्षणीय प्रमाणात बाहेर पडते. आपण फळ्यावर काढतो त्या आकृतीत मात्र बाण टोकापाशीच असतो.

सगळेच रेणू असे चमकत नाहीत. स्निग्ध पदार्थांसाठी रामन परिणाम उपयोगी पडतो : दोन लेसरांच्या वारंवारतेतील फरक रेणूतील बंधाच्या कंपनाशी जुळवतात. हार्वर्डमधील गटाने २००८ साली ही पद्धत मांडली आणि २०१० साली चलच्चित्राच्या वेगाने चित्रे घेतली.

वर्गासाठी प्रश्न : लेसरची तरंगलांबी ७४० नॅनोमीटर असेल, तर तीन कणांची मिळून ऊर्जा किती तरंगलांबीच्या एका कणाइतकी होईल? सेरोटोनिनची चमक ३४० नॅनोमीटरच्या आसपास असते. ती लेसरच्या प्रकाशातून वेगळी कशी काढाल?